बेथलेहेमला जाणारं गाढव

क्षमाताईंनी गाढवाच्या डाव्या कानाला शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि कान ओढून पाहिला. कान टिकला. उजवा गेल्या वर्षीच बदलला होता, त्यामुळे तो दुसऱ्याच कुठल्या जनावराचा वाटायचा. पण नाताळच्या संध्याकाळी गुढियारीच्या ख्रिस्ती मंडळीत असल्या गोष्टींवर कोणी बोट ठेवत नसे.

चर्चमागच्या खोलीत नाटकाची तयारी चालली होती. तिघं मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, एकाच मोबाइलवर क्रिकेट बघत होते. हेरोद राजा मेंढपाळांना चहा वाटत होता. तेवढ्यात नरहरीकाका आत आले. ते मंडळीचे मुख्य पंच. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते आणि नाटक अजूनही शिट्टी वाजवूनच सोडत.

"पंचांचं एक ठरलं बरं का," ते खाकरून म्हणाले. "यंदा गाढवात परागभाऊ समोर राहतीन. क्षमा, तू मागं."

क्षमाताईंनी सुई पदराला टोचून ठेवली.

हे गाढव दोन माणसांचं होतं. क्षमाताई आणि पराग यांच्या वडिलांनी, म्हणजे रेल्वेच्या वॅगन शॉपमधल्या फिटरने, ते गोणपाटाचं शिवलं आणि मुलांना लावून दिलं: मुंडकं आणि पुढचे पाय थोरलीचे, मागचे पाय धाकट्याचे. पुढे वडील वारले, थोरली शाळेत शिक्षिका होऊन निवृत्त झाली, आणि धाकट्याने मालधक्क्यावरच्या मुनशीपासून सुरुवात करून पाच राज्यांत ट्रक फिरवणारी कंपनी उभी केली. गाढवातली व्यवस्था मात्र बदलली नव्हती.

गेल्याच महिन्यात परागला दिल्लीत पुरस्कार मिळाला होता. त्याच्या स्टाफने लगेच बूढ़ापाऱ्याच्या चौकात त्याचं होर्डिंग लावलं: ‘दूरदर्शी नेतृत्व, सरल व्यक्तित्व’. त्यातला ‘सरल’ हा शब्द चौकालगतच्या तलावाच्या पलीकडूनही वाचता यायचा.

दिल्लीतल्या भाषणात पराग म्हणाला होता, "मी आजही आमच्या चर्चच्या नाटकात गाढवाचे मागचे पाय असतो." लोक उभे राहिले होते. त्याआधी नागपूरला याच वाक्यावर उभे राहिले होते, आणि विशाखापट्टणमला एका बँकेच्या मॅनेजरने डोळे पुसले होते. मागच्या पायांनी परागला बरंच पुढे नेलं होतं.

"मी मागंच बरा, काका," कोपऱ्यातून पराग म्हणाला.

"अरे, कसं दिसते ते? तुझ्या ऑफिसचे इतके लोक येऊन बसले. अन् साहेब कुठं, तं गाढवाच्या..." पुढचा शब्द काकांना चर्चच्या आवारात उच्चारता येईना. "आन् प्रभूनं सांगूनच ठेवलं ना, मागचे ते समोर येतीन."

"मग समोरचे कुठं जातीन?" क्षमाताईंनी विचारलं.

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"मागं," ते म्हणाले. "तेबी सांगितलंच हाय."

नको म्हणायचं ते निदान दोनदा, अशी आपल्याकडची रीत आहे. परागलाही ती माहीत होती. पण त्याची नजर त्या मुंडक्यावर गेली. आठ वर्षांचा असल्यापासून त्याला ते हवं होतं. त्याचा जबडा दोरीने उघडायचा. आणि नाटकाच्या शेवटी गाढव लोकांकडे वळायचं, मुंडकं निघायचं, क्षमाताईंचा घामेजलेला चेहरा बाहेर यायचा आणि चर्च टाळ्यांनी दणाणायचं. मागचा माणूस बाहेर पडेपर्यंत लोक केकच्या रांगेत गेलेले असत. परागने आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या होत्या. या एवढ्या टाळ्या त्याने फक्त गोणपाटातून ऐकल्या होत्या.

"आता मंडळीची इच्छाच असेल तर," तो म्हणाला, आणि हार घालून घेताना वाकवायचा तशी मान त्याने जराशी वाकवली.

क्षमाताईंनी मुंडकं त्याच्या हातात दिलं.

"तोंडाची दोरी हळू ओढजो. जबडा निघून येते."

"ताई, तुले राग तं नाही ना आला?"

"गाढवात कायचा राग," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर पट्टा चढवू लागल्या.

गुढियारीतली पोरं त्यांना रस्त्यात ‘गधा आंटी’ म्हणून हाक मारत, आणि भाजीच्या गाड्यावर उभ्या असल्या तरी त्या वळून ओ देत. पट्टा आवळताना त्या पोरांचा आवाज खिडकीतून येत होता. त्यांनी तो ऐकला, आणि पट्टा जरा जास्तच आवळला गेला.

मोठ्या दाराशी परागने मुंडकं चढवलं. मागे ताई वाकल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली. कोणीतरी पोटाची बटणं लावली. शिट्टी झाली.

आत मिट्ट काळोख होता.

परागने मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. मग हात वर घालून डोळ्यांची भोकं चाचपली. भोकं नव्हती. गाढवाचे डोळे म्हणजे वडिलांच्या रेल्वेच्या कोटाची दोन पितळी बटणं. बाहेरून ती फार प्रेमळ दिसायची. मुंडकं वर्षभर ताईंच्या घरी कपाटावर असायचं. आतून ते परागने कधी पाहिलंच नव्हतं.

"ताई," तो कुजबुजला, "इथून काहीच दिसून नाही राहिलं."

"हव."

"हव काय? तू इतकी वर्षं चालायची कशी मग?"

"तू मागून नेत होता ना. तू ढकलायचा तिकडं मी जायची."

परागच्या कपाळाला गोणपाट चिकटलं.

"मी कुठं ढकलायचो? मी तुझी कंबर धरून मागं मागं यायचो!"

मागे ताईंनी एका हाताने पोटाची शिवण चाचपली.

"मले वाटे," क्षमाताई म्हणाल्या, "तुले शिवणीतून दिसते."

"मले माझे पायबी नाही दिसत होते, ताई."

गाढव दारातच थांबलं. पुढ्यात चर्चची अख्खी लांबी होती. दोन्हीकडे खुर्च्या, मधोमध खांब, त्यापुढे पुठ्ठ्याची धर्मशाळा आणि वेदीपाशी गव्हाण. माईकवर नरहरीकाकांनी वाचलं, "आणि ते बेथलेहेमाकडे निघाले." कोणी निघालं नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, जरा जोरात वाचलं. दर सोमवारी आपल्या माणसांना ‘पुढचं बघायला शिका’ म्हणून सांगणारा पराग साळवे पुढच्या काळोखात डोळे फाडून उभा होता. खुर्च्यांमधून खसखस ऐकू येऊ लागली.

बाजूने मरिया झालेली त्याची मुलगी सोनिया दात आवळून म्हणाली, "पापा, चलो ना! येशू पैदा हो जाएगा."

"ताई, सांगून टाकू का काकाले? मुंडकं काढून चालतो."

"कायले?"

"अगं, पडलो म्हणजे? आपल्यातल्या कोणालेच काही दिसत नाही."

"ते आधीबी दिसत नव्हतं."

"तेव्हा माहीत नव्हतं ना!"

मागून एक विचित्र आवाज आला. परागला आधी वाटलं ताई रडताहेत. मग त्याच्या कमरेवरचे हात गदगदा हलू लागले आणि त्याच्या लक्षात आलं की त्या हसताहेत. गोणपाटात तोंड खुपसून, दम लागेस्तोवर.

"पराग," त्या कशाबशा म्हणाल्या, "दरवर्षी हे गाढव कुठं जाते?"

"बेथलेहेमले."

"दुसरीकडं कधी गेलं का?"

परागने आठवून पाहिलं. एका वर्षी वीज गेली होती. एका वर्षी योसेफ तापाने फणफणला होता आणि धर्मशाळेवरच बसला होता. गाढव मात्र तेव्हाही पोचलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग चाल."

त्याने पाय उचलला. कमरेवरचे हात त्याला ढकलत नव्हते, ओढतही नव्हते, नुसते होते. खांब कधी आला आणि कधी मागे पडला हे त्याला कळलं नाही. पेटीवर नाताळचं गाणं सुरू झालं. एका लहान मुलाने गाढवाच्या पोटाला हात लावला आणि ते ओरडलं, "गधा आंटी!" मागून बारीक आवाजात "ओ" आली. मग पायांखाली काहीतरी चुरचुरलं. गवत होतं.

चर्च उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

रिवाजाप्रमाणे गाढवाने आता वळायचं होतं. परागचे दोन्ही हात मुंडक्याला लागले. पहिल्या रांगेत त्याच्या ऑफिसचे लोक मोबाइल उंच धरून तयार होते, आणि त्यांना सध्या फक्त शेपूट दिसत होतं. गाढव वळलं नाही. गव्हाणीकडे तोंड करून ते तसंच उभं राहिलं, मग त्याचे पुढचे गुडघे हळूच गवतात टेकले.

"काहून थांबला?" क्षमाताईंनी मागून विचारलं. "काढ ना मुंडकं. टाळ्या वाजून राहिल्या."

"कोणासाठी?"

त्यांनी जरा विचार केला.

"गाढवासाठी."

"मग त्यालेच ऐकू दे."

मागच्या माणसाच्या हाताशी शेपूट हलवायची एक दोरी असते. परागने ती आजवर कधी ओढली नव्हती, कारण आपल्याला इथं कोण बघतंय, असं त्याला वाटायचं. क्षमाताईंनी अंधारात चाचपून ती शोधली आणि ओढली.

सगळं चर्च खो खो हसलं. पुढे काळोखात परागला काहीच दिसलं नाही, लोक का हसताहेत तेही कळलं नाही. पण तोही हसला.