दोन उन्हं

आमच्या गावात वीज आली अठ्ठ्याहत्तर साली, आणि लगोलग पौडच्या वाटेला विजेची भातगिरण झाली. बटण दाबलं की चालू. आमची डिझेलची, हँडल मारता मारता घाम निघायचा. दोन वर्सांत दारातली गर्दी आटली. मी येता-जाता त्या विजेला शिव्या घालायची. शेवटी उरवड्याचा भिवाजी शुक्रवारी येऊन इंजिन इकत नेणार असं ठरलं. त्याच इंजिनावर तीन पोरी उजवल्या आमी.

आमच्या मालकांची एक रीत. आलेल्या भातातला दाणा दाढेखाली धरायचा. टक वाजला तर भात सुकलंय, टाक गिरणीत. न्हाई वाजला तर ओलं हाय, कण्या व्हतील, परत ने, आणखी दोन उन्हं दे. त्यांनी 'टाक' म्हणलेला आंबेमोहोर कधी मोडला न्हाई.

बुधवारी धोंडाबाई पोतं घेऊन आली. मालकांनी दाणा तोंडात फिरवला, थुंकला. "दोन उन्हं दे."

"कुशाबा, चार दिस वाळवलंय," ती म्हणाली. "आता न्हेते विजेच्या गिरणीत. तितं कुणी परत धाडत न्हाई."

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी पोत्यातला दाणा घेऊन चावला. टक.

"अवो, तोंड उघडा," मी म्हणले.

लई आढेवेढे घेऊन उघडलं. खालच्या दाढा दोन्हीकडनं गेलेल्या. भाकरी आमटीत बुडवून का खात हुते ते आता कळलं.

"कवाधरनं?"

"झाली दोन वर्सं. चुकून ओलं टाकलं तर लोकांचा तांदूळ मोडंल. म्हणून समद्यांनाच उन्हं द्यायला सांगतो."

म्हंजी अर्धी गिऱ्हाइकं विजेनं नेली, अर्धी ह्या माणसानं आपल्या हातानं धाडली, आणि शिव्या खातीय ती वीज. लई राग आला, आणि मायाही तेवढीच आली. "माझ्या दाढा काय शोभेला हायेत? मला सांगायचं न्हाई व्हय?"

मी धोंडाबाईला म्हणले, "टाक गं." तांदूळ अख्खा पडला. तिनं मूठभर हातावर घेऊन बघितला आणि म्हणाली, "उद्या जावेला धाडते."

शुक्रवारी भिवाजी टेम्पो घेऊन आला, तवा गिरणीपुढं चार पोती हुती. मी दाणा तोंडात टाकला हुता आणि मालक हँडल धरून माझ्याकडं बघत उभे हुते.

"इंजिन न्यायचंय नव्हं?" भिवाजी म्हणाला.

"गप जरा," मालक म्हणाले. "तिचा दाणा वाजू दे."