“बसली” कोण म्हणालं?

मी उटी बोलतेय. उटी म्हणजे गाडी मागे घसरू नये म्हणून चाकाखाली सारतात तो लाकडी ठोकळा. काम जीव वाचवायचं, पण नशिबात लाथा!

दाराच्या चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून एका सुताराने मला तासलं आणि अक्काच्या हवाली केलं. अक्काची एक छोटी बोट, एक जुनी जीप आणि एक धाकटा भाऊ. मिशा पिकल्या तरी सगळे त्याला बारक्याच म्हणत. दोघांना एकमेकांशिवाय घास उतरायचा नाही.

संध्याकाळी सिमेंटच्या उतारावरून बोट वर काढायची, त्याची रीत ठरलेली. अक्का जीप मागे घेऊन तिला जोडलेली ट्रॉली पाण्यात उतरवायची आणि ब्रेक दाबून बसून राहायची, कारण हॅन्डब्रेक नावालाच होता. बारक्या बोट ट्रॉलीवर चढवायचा, मग मला जीपच्या मागच्या चाकाखाली ठोकून ओरडायचा, “बसली!” तेव्हाच अक्का बोटीला पट्टे बांधायला खाली उतरायची.

त्या दिवशी उतारावर ही गर्दी! रांगेत मागे पांढऱ्या बोटीचे मालक होते. कपडे झकपक, पण धीर म्हणाल तर नावाला नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं सोडून ते थेट आमच्या जीपमागे येऊन उभे राहिले आणि “आटपा, आटपा”चा जप सुरू केला. मी पायात आले म्हणून मला लाथेने बाजूला सारलं. बारक्याने बोट ट्रॉलीवर चढवली. मला उचलून तो चाकामागे वाकला, तेवढ्यात मालकांनी विचारलं, “बसली?”

बोट ट्रॉलीवर बसली का, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण इंजिनाच्या घरघरीत प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं? अक्काने ब्रेकवरचा पाय काढला.

जीप मागे आली. मी अजून बारक्याच्या हातातच होते. त्याचा पाय घोट्यापासून गेला.

“उटी सरकली,” असं लोक म्हणाले. अहो, मी लागलेच नव्हते तर सरकेन कशी? अक्काचं म्हणणं, “तू ओरडलास, मी माझ्या कानांनी ऐकलं.” बारक्या शपथेवर सांगायचा, “मी तोंडच उघडलं नाही.” शेवटी दोघांचं बोलणंच बंद झालं.

मला त्या गडबडीत मालकांनी आपल्या गाडीत टाकलं होतं. एक दिवस अक्का त्यांच्याकडे आली.

“तुम्ही तिथेच होतात. ‘बसली’ म्हणालं कोण? खरं सांगा. मी माझ्या भावाला खोटारडा म्हणतेय.”

मालकांनी पाण्याकडे पाहिलं. “गोंधळात नीट कळलं नाही हो. पण आवाज त्याचाच असणार.”

अक्का मान खाली घालून गेली. मला तेव्हा ओरडता आलं असतं तर!

मालक आता मला फार जपून लावतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला शहाणपण शिकवतात, “उटीशिवाय ब्रेकवरचा पाय काढू नका, त्या बारक्याचं काय झालं बघा.” ऐकून माझ्या लाकडाला आग लागते. बारक्या दुसरीकडे राहायला गेलाय. अक्का एकटीच बोट काढते, चाकाखाली धोंडा लावते.

तुम्ही कधी त्या उतारावर गेलात, तर पाळी येईपर्यंत लांब उभे राहा आणि तोंड मिटून राहा. आणि अक्का भेटली तर तेवढं तिला सांगा, तिचा भाऊ खरं बोलत होता.