बारा वाजताचे ठिपके

मित्रांनो, पाठ भिंतीला आणि तोंड पोलिसांकडे, असं माझं सगळं आयुष्य गेलं. मी या शहराच्या पोलीस ठाण्यातला जुना फळा आहे. माझ्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि मधोमध एक उभी भेग पडली आहे, पण खडू अजूनही माझ्यावर चांगला उठतो.

खरं म्हणजे मला शाळेसाठी बनवलं होतं. सुताराने जाड फळ्या रंधून, सांधे जुळवून मला उभं केलं आणि वर काळ्या रंगाचे तीन हात दिले. पण माप घेताना तो वीतभर चुकला. शाळेच्या दारातून मी काही केल्या आत जाईना. मला आडवा करून पाहिलं, तिरका करून पाहिलं, शेवटी मुख्याध्यापकांनी हात टेकले. समोरच पोलीस ठाणं होतं आणि त्याचं दार चांगलं ऐसपैस होतं. अशा रीतीने अभ्यासाला निघालेला मी पोलिसात भरती झालो.

आमचं शहर मोठ्या तळ्याच्या काठावर आहे. लांबून लांबून माणसं ते बघायला येतात. तळ्यात होड्या, काठावर हॉटेलं आणि मधल्या चौकात घड्याळाचा उंच मनोरा. दुपारी बाराचे ठोके पडले की मनोऱ्याची खिडकी उघडते, आतून पितळेचा कोंबडा बाहेर येतो, पंख फडफडवतो आणि बारा वेळा आरवतो. त्या वेळी चौकातल्या सगळ्या माना वर असतात. ही सगळी मजा मी डोळ्यांनी कधी पाहिलेली नाही. पण कोंबड्याचं आरवणं मला भिंतीवर बसून रोज ऐकू येतं.

माझ्यावर पांढऱ्या रंगाने रकाने आखले होते. चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणूक, अपघात आणि सगळ्यात शेवटी 'हरवले'. वर्ष संपलं की प्रत्येक रकान्यात त्या वर्षाचा आकडा चढायचा. तो चढवायचं काम जमादारबाईंकडे होतं. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे बाईंचं अक्षर असं की तक्रार द्यायला आलेली माणसं घटकाभर रडणं विसरून ते बघत राहायची. बाई मला आधी ओल्या फडक्याने पुसायच्या, मग कोरड्या, आणि पुरता सुकल्याशिवाय खडू हातात घ्यायच्या नाहीत. त्या दिवसांत माझा काय रुबाब होता म्हणून सांगू. मोठमोठे अधिकारी आले की आधी माझ्यासमोर उभे राहायचे.

मग ठाण्यात नवे मोठे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. पण हॉटेलवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटून गेले. चोऱ्यांचा आकडा वाढला की पर्यटक दुसऱ्या गावाला जातात, असं त्यांनी चहा पिता पिता साहेबांच्या गळी उतरवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी हुकूम काढला. पिशवी, पाकीट, कॅमेरा, जे काही जाईल ते जाताना कोणी डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर ते 'हरवले'मध्ये लिहायचं. हरवणं हा काही गुन्हा नाही.

आता मला सांगा, चोर काय दाखवून चोरी करतो?

पण हुकूम तो हुकूम. त्या वर्षी माझ्यावर चोऱ्या एक्केचाळीस चढल्या आणि हरवले एकशे शहाण्णव. पुढच्या वर्षी चोऱ्या अडतीसवर आल्या आणि हरवले दोनशे चाळीसवर गेले. जणू जगातली सगळी विसरभोळी माणसं ठरवून आमच्याच शहरात सुट्टीला येत होती. साहेबांचा सत्कार झाला. त्यांच्या हारातलं एक फूल माझ्या चौकटीत अडकलं. बाई मात्र माझ्याकडे न बघता खडू ठेवून निघून गेल्या. तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या अंगावरच्या अक्षरांची लाज वाटली.

तिसऱ्या वर्षी, ऐन सुट्टीच्या दिवसांत, एक आजी सुनेचा हात धरून ठाण्यात आल्या. आजींच्या तोंडात एकही दात नव्हता. होडीत कवळी टोचायला लागली म्हणून त्यांनी ती काढून निळ्या डबीत ठेवली होती आणि डबी पिशवीत. चौकात पिशवी गेली आणि तिच्याबरोबर दातही गेले. आजी रागाने भराभर बोलत होत्या, पण नुसती हवा बाहेर येत होती. सून शेजारी बसून एकेक वाक्य समजावून सांगत होती. दोन दिवस आजी दुधात पाव बुडवून खात होत्या आणि घरचे समोर बसून कणसं खात होते, हे तिने जास्तीचं सांगितलं. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला हसू आवरेना. तो पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर सटकला.

बाईंनी सवयीप्रमाणे 'हरवले'चा कागद ओढला. आजींनी तो वाचला. मग त्यांनी बाईंच्या मनगटावर हात ठेवला आणि एकेक अक्षर सावकाश, स्पष्ट उच्चारायचा आटापिटा केला.

"पोरी, दात कुणी हरवतं का? चोरीला गेलेत. चोरीच लिही."

बाईंनी क्षणभर आजींकडे पाहिलं. मग तो कागद बाजूला सारला, चोरीचा काढला आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: चोरीस गेलेला माल, कवळी, नग एक. पुढचा रकाना वेळेचा होता. तो आजवर कोणी नीट भरतच नसे. बाईंनी विचारलं तेव्हा सून म्हणाली की कोंबडा आरवत होता, म्हणजे बाराच वाजले असतील.

आजी गेल्यावर बाईंना आठवलं की हाच कोंबडा त्यांनी आधीही कितीतरी जबाबांत ऐकला होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कपाटातून दोन वर्षांचे 'हरवले'चे गठ्ठे काढले. डबा एका हाताशी, गठ्ठे दुसऱ्या हाताशी. छत्र्या, टोप्या, मुलांचे बूट, असं होडीत किंवा हॉटेलात खरंच विसरलेलं सामान त्यांनी वेगळं केलं. उरलेल्या कागदांत माणसांनी आपल्या जबाबात कुठे ना कुठे वेळ सांगितलेली होती. कोणी म्हणे कोंबडा बघत होतो, कोणी म्हणे ठोके मोजत होतो. बाईंनी माझ्या खालच्या मोकळ्या जागेत सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचे तास आडवे लिहिले आणि प्रत्येक कागदामागे त्या तासावर खडूचा एक ठिपका द्यायला सुरुवात केली.

तीन दिवस त्या जेवणाच्या सुट्टीत ठिपके देत होत्या. सकाळच्या तासांवर चार-दोन, संध्याकाळवर आठ-दहा. आणि बारावर? ठिपक्यावर ठिपका चढत गेला, रास झाली, राशीचा डोंगर झाला. शेवटी बाईंना स्टुलावर चढावं लागलं. मित्रांनो, माझ्यावर इतकी वर्षं आकडे लिहिले गेले, पण ते काही सांगत आहेत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. रोज बाराला चौकात लोकांच्या खिशांचेही बारा वाजत होते.

तेवढ्यात साहेब आत आले. बाई स्टुलावर, हातात खडू, पायाशी दोन वर्षांचे गठ्ठे. साहेबांनी काय चाललंय म्हणून विचारलं. बाई खाली उतरल्या.

"साहेब, ही माणसं विसरभोळी नव्हती," त्या म्हणाल्या. "ती वर बघत होती."

साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी एका बोटाने ठिपके मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. चिडतील, बाईंना फैलावर घेतील, असं मला वाटत होतं. बाईंनाही तेच वाटत असावं, कारण त्यांनी खडू घट्ट धरला होता आणि तो मोडला. साहेबांनी चौकात कोणाची नेमणूक असते ते विचारलं. आजींच्या वेळी हसू न आवरलेला शिपाई पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चार वर्षं मी रोज बाराला तिथेच असतो, साहेब," तो म्हणाला. "पण मीही कोंबडाच बघतो."

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं आणि पुन्हा बाराच्या डोंगराकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि पुढच्या क्षणी ते खो खो हसत होते. त्या ठाण्यात इतकं मनमोकळं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला शिपायाच्या तोंडून कळलं, आणि त्याने ते इतक्या वेळा सांगितलं की मला पाठच झालं. साहेब, बाई आणि शिपाई साध्या कपड्यांत चौकात गेले. बाराला कोंबडा बाहेर आला. शेकडो माना वर गेल्या. हे तिघे मनोऱ्याकडे पाठ करून उभे होते. त्या सगळ्या गर्दीत खाली बघणारी माणसं फक्त दोन होती. एक सभ्य दिसणारा गृहस्थ, गळ्यात भारी कॅमेरा, आणि त्याच्या मागे हातावर कोट टाकलेला दुसरा. लोक दोन्ही हातांनी फोटो काढता यावा म्हणून पिशव्या दगडी बाकावर ठेवत, आणि कोटवाला त्या बाकावर कोट झटकल्यासारखं करून एखादी पिशवी कोटाखाली घेऊन पुढे जाई. कोंबडा नवव्यांदा आरवला तेव्हा कोटवाल्याच्या मनगटावर बाईंचा हात पडला. कॅमेरावाला पळाला, तो थेट शिपायाच्या मिठीत.

त्यांच्या खोलीतून सापडलेला मुद्देमाल माझ्यासमोर दोन टेबलं जोडून मांडला. चष्मे, कॅमेरे, औषधांच्या डब्या, घरांच्या किल्ल्या. त्यात निळी डबीही होती. ही कशाला ठेवलीत म्हणून साहेबांनी विचारलं. एखाद्याच्या तोंडातली वस्तू फेकून द्यायला जीव झाला नाही, असं कोटवाला म्हणाला. खरं खोटं तोच जाणे.

आजींची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. निरोप मिळताच त्या संध्याकाळी आल्या, डबी घेऊन आतल्या नळावर गेल्या आणि कवळी लावूनच बाहेर आल्या. मग खुर्ची ओढून त्यांनी फर्मावलं, "आता नीट ऐका. त्या दिवशी तुम्हाला निम्मं कळलंच नसणार." आणि सगळा जबाब पहिल्यापासून पुन्हा सांगितला. बाईंनी तो तितक्याच मन लावून ऐकला.

खरी कसोटी वर्षाच्या शेवटी आली. दरवर्षीप्रमाणे ठाण्यात बैठक ठरली. हॉटेलवाले, होडीवाले, वर्तमानपत्रांची माणसं, सगळ्यांना बोलावणं होतं. आदल्या दिवशी बाईंनी साहेबांना विचारलं की मागच्या दोन वर्षांचे आकडे तसेच राहू द्यायचे का. साहेबांनी ओलं फडकं उचललं आणि स्वतःच्या हाताने एक्केचाळीस पुसला, मग अडतीस पुसला. बाईंनी त्या जागी लिहिलं: एकशे सत्त्याऐंशी. दोनशे एकवीस. आणि चालू वर्षाच्या एकशे चौसष्ट. 'हरवले'चे आकडेही त्यांनी त्या मानाने उतरवले.

बैठकीत एकच गदारोळ उडाला. चोऱ्या चौपट कशा झाल्या, असं वर्तमानपत्रवाले विचारू लागले. संघाचे अध्यक्ष उठून उभे राहिले आणि हे शहराचं नाक कापणं आहे म्हणाले. हा कारभार कोणाचा, असं त्यांनी बाईंकडे बघत विचारलं. बाईंनी मान खाली घातली नाही. साहेब उठले.

"चूक माझी होती, आणि दुरुस्ती बाईंची आहे," ते म्हणाले. "चोऱ्या तेव्हाही होतच होत्या. आम्ही त्या लिहीत नव्हतो, म्हणून पकडतही नव्हतो."

साहेबांना वरिष्ठांनी बोलावून घेतलं. चांगली खरडपट्टी काढली म्हणे. बाईंची बदली होणार अशी कुजबुज महिनाभर चालली, पण साहेबांनी सगळं लेखी आपल्या अंगावर घेतलं होतं. दरम्यान दगडी बाक मनोऱ्यापासून हलवून चौकातल्या छोट्या पोलीस चौकीच्या खिडकीखाली ठेवला गेला. शिपाई रोज बाराला कोंबड्याकडे पाठ करून उभा राहू लागला. आठवड्यातून एकदा, फक्त सुट्टीच्या दिवशी, तो बायकोमुलांना घेऊन येई आणि मनसोक्त वर बघे.

पुढच्या वर्षी चोऱ्या बावन्न. खऱ्याखुऱ्या बावन्न. संघाचे अध्यक्ष स्वतः ठाण्यात आले, जरा घसा खाकरला आणि हॉटेलांत लावायला बाईंच्या अक्षरात एक पाटी मिळेल का म्हणाले. बाईंनी लिहून दिलं: 'बाराला वर जरूर बघा. पिशवी तेवढी पोटाशी धरा.' आज ती पाटी गावातल्या प्रत्येक हॉटेलात आहे.

पुढे ठाण्यात मोठा पडदा आला. आकडे त्यावर आपोआप उमटू लागले. बाई सेवेतून निवृत्त झाल्या, आणि मला कपाटामागे सरकवलं गेलं. तिथे मी बरीच वर्षं काढली. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली, कोणीतरी रेनकोट टांगले. भेग पडली ती तेव्हाच. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटलं.

मग एके दिवशी नव्या तरुण अधिकारीबाईंनी कपाट हलवलं. तक्रार द्यायला आलेल्या आईबापांबरोबर मुलं असतात, ती घाबरून बसतात, त्यांच्यासाठी काहीतरी हवं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला धुतलं, पुसलं आणि तक्रारीच्या खोलीत मुलांच्या हाताला येईल इतक्या खाली टांगलं. आता माझ्यावर होड्या निघतात, मासे निघतात आणि तीन पायांचे पोलीस निघतात. परवा एक छोटी मुलगी आली. मोठी माणसं आपल्या बोलण्यात गुंतली होती. तिने खडू घेतला आणि माझ्यावर वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: 'माझी बाहुली. लाल झगा. होडीत राहिली.' अधिकारीबाईंनी ते वाचलं, तिच्या शेजारी उकिडवं बसून होडीचा रंग विचारला आणि धक्क्यावर फोन केला. अर्ध्या तासात होडीवाला काका लाल झग्यातली बाहुली घेऊन हजर.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. फळा असो, वही असो की पडदा, त्याला स्वच्छ ठेवा आणि त्यावर जे घडलं तेच लिहा. आणि कोणी आपलं गाऱ्हाणं घेऊन आलं, तर ते कितीही बोबडं असलं तरी शेवटपर्यंत ऐका. त्या मुलीने बाहुली काखेत मारली, फडकं घेतलं आणि पायाच्या बोटांवर उभं राहून आपली तक्रार स्वतःच पुसली. आयुष्यात मी हजारदा पुसला गेलो आहे. पण इतक्या आनंदाने मला कधीच कोणी पुसलं नव्हतं.