पिसं मोजता आली पाहिजेत

दादाने धाकट्या बहिणीचा फोटो स्वतःच्या नावाने स्पर्धेला धाडला, बक्षीस घेतलं, आणि वर तिलाच म्हणाला, "अगं, नाव काय, घरातच आहे ना."

घरातच म्हणे! चिखलात पोटावर पडून, डास चावून घेत तो शेकाट्या पक्षी टिपला होता तिने. लांब लाल पायांवर उभा, पाठीचं एकेक पीस उन्हात सुटं. दादासाहेब तेव्हा गाडीत घोरत होते. धाकटी भांडली नाही. राग तिने गिळला, पण पचवला मात्र नाही.

दोघांचा स्टुडिओ एकच. दादा फोटो काढायचा, धाकटी ते संगणकावर निस्तरायची. मोठ्या स्क्रीनसमोर बसायचं त्याच्या जिवावर यायचं. तो मोबाइलवरच बघायचा आणि "छान, छापायला पाठव" म्हणून मोकळा व्हायचा. आजवर त्याच्या चुका ती मुकाट्याने सावरत आली होती.

प्रदर्शनासाठी त्याने स्वतः काढलेला बगळा आणून दिला. किंचित हललेला.

"पिसं मोजता आली पाहिजेत. शार्प कर."

तिने केला. मोबाइलवर बघून तो म्हणाला, "अजून." तिने अजून केला. मोठ्या स्क्रीनवर पिसापिसाला पांढरी कड आली, पाणी खरबरीत झालं, बगळा तारेच्या घासणीने घासल्यासारखा दिसू लागला. तिला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

"इथे येऊन मोठा करून बघतोस?" तिने विचारलं.

"तू मला शिकवू नकोस. पाठव छापायला."

तिने पाठवला.

बगळा भिंतभर लागला, शेजारी बक्षिसाचा शेकाट्या. स्पर्धेच्या परीक्षक बाई आल्या आणि बगळ्यापुढे थबकल्या.

"हा पेंढा भरलेला आहे का?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी शेकाट्याकडे पाहिलं, पुन्हा बगळ्याकडे. "हे दोन्ही एकाच माणसाने काढलेत?"

दादाने धाकटीला कोपऱ्यात ओढलं. "काय करून ठेवलंस हे? जा, सांग त्यांना, फोटोवर काम तू केलंस म्हणून."

"माझं नाव सांगू?"

"हो, सांग ना!"

ती शांतपणे बाईंपाशी गेली. "बाई, बगळा यांनी काढला, बिघडवला मी. आणि हा शेकाट्या मी काढलाय. मूळ फाइल माझ्या कॅमेऱ्यात आहे, दाखवते."

बाईंनी दादाकडे पाहिलं. त्यानेच तिला बोलायला पाठवलं होतं, आता खोटं म्हणायला तोंड कुठलं उरणार?

"नाव काय दादा," धाकटी म्हणाली, "घरातच आहे ना."