फ्रिस्कोची गादी

यामिनीबाई परदेशातल्या मोठ्या मराठी मंडळाशी भांडून फ्रिस्को या उपनगरात वेगळा गणपती बसवायला निघाल्या होत्या. मंडळाने चलाखी केली. त्यांना फ्रिस्को शाखेचं अध्यक्षपद देऊ केलं, मात्र शेजारी आपला सल्लागार बसणार असं बजावलं.

इतिहासात पीएचडी करणारा भाचा कुश हसला. "मावशी, ट्रान्सजॉर्डनची, म्हणजे आजच्या जॉर्डनची अमिरात अशीच झाली. अब्दुल्ला हा अरब राजपुत्र फ्रेंचांशी लढायला निघाला होता. ब्रिटिशांनी त्याला वाटेतच गादी दिली आणि उरावर सल्लागार बसवला."

"शी! लढायला निघाला आणि गादी दिसताच बसला? अमीर कसला, बुजगावणं मेलं!" यामिनीबाईंनी नाक मुरडलं.

"पण त्याचं घराणं आजही राज्य करतंय."

बाई फोन पुढे करत म्हणाल्या, "मंडळाला फोन लाव. सल्लागार चालेल म्हणावं, पण माझी खुर्ची स्टेजच्या मधोमध हवी."