खाली पांढरी वाळू

"सेल्विन, यातला कुठला बांधू?" मिस मॅरियननी दुसऱ्यांदा विचारलं. मासे धरायला त्या नेहमी त्याचीच होडी घ्यायच्या.

सेल्विनच्या तळहातावर तीन खेकडे होते. मासा भुलवायचे खोटे, पिसांचे, दोऱ्याचे, गळावर गुंडाळलेले. त्याची बायको ओलिंडा ते घरी बनवायची. एक वाळूच्या रंगाचा, एक शेवाळी, एक तपकिरी, एवढं त्याला ठाऊक होतं. पण आता तिन्ही राखेत लोळवल्यासारखे दिसत होते.

महिन्यापूर्वी बेलीझ शहरातल्या डॉक्टरने सांगितलं होतं, की डोळ्यामागचा पडदा झिजतोय आणि गेलेली नजर परत यायची नाही. घरी येऊन तो ओलिंडाला म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढलाय. त्याचा बाप समुद्रात बुड्या मारून शंख काढायचा. शेवटची वर्षं तो ओसरीवर बसून, वाजणाऱ्या प्रत्येक पावलाला 'कोण आहे?' विचारायचा. सेल्विनच्या कानात तो आवाज अजून होता.

त्याने बोटांनी खेकड्यांचे शिशाचे डोळे चाचपले. पाणी गुडघाभर होतं. जड डोळ्यांचा टपकन पडला असता आणि मासा बुजला असता. त्याने हलक्यातला एक उचलला. "हा घ्या."

होडीच्या मागच्या चौथऱ्यावर उभा राहून तो लांब काठीने होडी रेटू लागला. मान जरा तिरपी ठेवली की डोळ्यांच्या कडेने थोडं दिसायचं. समोर मात्र धुरकट डाग.

"ती बघ माशाची शेपटी. तिवरांच्या कडेला," मिस मॅरियन म्हणाल्या.

इतकी वर्षं माशाकडे आधी त्याचं बोट जायचं, मग गिऱ्हाइकाची नजर. आज त्याला नुसता चकचकाट दिसला. तरी ठसक्यात म्हणाला, "टाका."

त्यांनी गळाचा दोर छान फेकला. परमिट मासा आला, खेकड्यामागे थोडा पोहला, थबकला आणि वळून गेला. हा मासा फार नखरेल, चालायचंच, असं सेल्विन बोलून गेला. मिस मॅरियननी दोर गोळा करून खेकडा हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"खाली पांढरी वाळू आहे, सेल्विन. आणि हा हिरवा आहे. मुद्दाम दिलास का?"

हो म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. त्याने काठी तळाशी रोवली.

"नाही. मला रंग दिसत नाहीत. मघाची शेपटीही दिसली नाही."

त्या सावकाश खाली बसल्या. ओलिंडाला माहीत आहे का, असं विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "मी दिसतं ते सांगते. काय बांधायचं ते तू सांग."

असंच मग चाललं. पुढे पाणी खोल झालं, तळ पांढराच. त्याने वाळूच्या रंगाचा, जड डोळ्यांचा मागितला. तो त्यांनी डब्यातून निवडला, गाठ त्याने मारली. दुसऱ्या माशाने खेकडा घेतला. रीळ किंचाळलं आणि एकदम गप्प झालं. दोर प्रवाळावर घासून तुटला होता. तो प्रवाळ त्याने आधीच सांगायला हवा होता.

खरी भीती परतताना आली. वाट प्रवाळांच्या दोन रांगांमधून, आणि ऊन थेट तोंडावर. मिस मॅरियन पुढे बसून डावीकडे, उजवीकडे सांगत होत्या. आवाज शांत होता, पण काठ धरलेल्या हाताची पकड घट्ट होती. एकदा होडीचं बूड खरवडल्याचा आवाज आला. सेल्विनला घाम फुटला. या बाईंना पोहता येत नाही, हे तो पहिल्यापासून जाणून होता. तरी अशी नजर घेऊन त्याने त्यांना इथवर आणलं होतं. सकाळभर स्वतःसाठी घाबरला होता, त्याची त्याला लाज वाटली.

धक्क्यावर ओलिंडा पाव विकून टोपली घेऊन उभी होती. मिस मॅरियन उतरल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे न बघता चालू लागल्या.

ओलिंडाने विचारलं, काय झालं, त्या अशा का गेल्या.

सेल्विन होडीत उभाच होता. धक्का आणि पाणी यांतली फट त्याला दिसत नव्हती.

"ओलिंडा," तो म्हणाला, "जरा हात दे."

ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग टोपली खाली ठेवून तिने दोन्ही हात पुढे केले.