खाली म्हणजे कुठे

डबीच्या पाठीवर काढलेला लाल बाण खाली टोक करून उभा होता. आडवा हवा होता... तासाभरापूर्वी लिओनीने स्वतःच्या हातांनी रोपांची प्रत्येक डबी कुशीवर वळवली होती, मुळं पुन्हा खाली वळतात का ते बघायला; अंधाऱ्या खोलीतलं कपाट लावून ती चहाला गेली होती. आणि आता हा क्लेम, प्रयोगशाळेतला जुना मदतनीस, निवृत्त होऊनही रोज येणारा, रोपांना न जाणवणाऱ्या हिरव्या उजेडाचा टॉर्च दातांत धरून तिच्या डब्या एकेक करून सरळ करत होता.

"क्लेम, काय करताय हे?"

त्याने टॉर्च काढला. "डब्यांवरची नावं आडवी पडतात पोरी तुझी. वाचताना मान मोडते. फडकं मारताना रोज लावून ठेवतो नीट."

"रोज?"

"मग! कधी थँक्यू म्हणालीस?"

"आणि खालच्या खणातल्या?"

"खाली वाकायला गुडघे तुझा बाप देणार का?" तो हसला.

वरच्या खणात बिघडवलेली रोपं, खालच्यात धडधाकट. तीन वर्षं हाच प्रयोग. पेशीतल्या पडद्याच्या इवल्या पिशव्या एक प्रथिन उचलून पेशीच्या ठरावीक बाजूला नेऊन लावतात, काढतात, पुन्हा लावतात, आणि त्यातून मुळाला कळतं खाली कुठे — ही नेआण बिघडली की मूळ वळायचं विसरतं, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. धडधाकट वळली, बिघडलेली सरळ राहिली. राहणारच की! त्यांना कोणी वळवलेलं राहूच दिलं नव्हतं... अगं बाई! दुसऱ्या दिवशी सकाळी अंधारातून चवडच्या चवड काढायची, बाण जुळवून कॅमेऱ्याखाली टाकायची. कुठली डबी कशी उभी होती हे मी एकदाही पाहिलं नाही? एकदाही?

तिला घाम फुटला. बाहेर ॲडलेडचा तापलेला उत्तरेचा वारा दारावर आदळत होता. दुपारी तिची नोकरी ठेवायची की नाही हे ठरवणारी माणसं हॉलमध्ये येऊन बसणार, आणि त्यांना दाखवायला तिच्याकडे होतं ते हेच.

"पांढरीफटक पडलीस की," क्लेम म्हणाला. "लॅमिंग्टन केक उरलाय, आणू? ...माझं काही चुकलं का गं?"

"आता हात लावू नका," एवढंच तिला जमलं. तो टॉर्च ठेवून हळूच गेला. त्याच्यावर ओरडायचं होतं, पण कशाबद्दल? नीटनेटकेपणाबद्दल?

तिने वरच्या डब्या पुन्हा कुशीवर केल्या आणि कपाटासमोर स्टूल ओढलं. मूळ वळणार असेल तर दुपारच्या आत वळायला लागेल, आणि वळलं तर तिची तीन वर्षं खोटी. हिरव्या उजेडात केसाएवढा पांढरा धागा आडवा दिसत होता, टोक कुठेच झुकलेलं नव्हतं... की झुकत होतं? किंचित?

"वळू नकोस गं," तिच्या तोंडून निघालं आणि ती दचकली. नव्या पोरांना तीच दटावायची — मूळ काय करतंय ते बघा, त्याने काय करावं ते तुम्ही ठरवू नका. आणि आज मी... इथे अंधारात बसून एका रोपट्याचं वाईट चिंततेय. अगदी मनापासून.